सातव्या मणक्यातली गाठ

पाय भाजल्याला तीन आठवडे होऊन गेले होते, आणि त्या तीन आठवड्यांत थोरला धाकटीशी एक शब्द बोलला नव्हता. घर एक, खाली लाँड्री एक, जेवायचं टेबल एक, तरी नाहीच. काही सांगायचं असलं की तो बायकोकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, हॉटेलवाले चादरी न्यायला चारला येणारेत," आणि धाकटी तिथंच समोर उभी असायची. धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. तिच्या बाजूनं बोलेल असं घरात कुणी नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच. धाकटीनं आईंना शेक घ्यायला टबात कढत पाणी ओतलं, थंड मिसळायचं राहिलं होतं, तेवढ्यात खाली गिऱ्हाइकानं घंटी वाजवली. "थांबा हं, आलेच," म्हणून ती गेली. परत येऊन बघते तर आईंचे दोन्ही पाय पाण्यात, घोट्यापर्यंत लालबुंद, आणि आई चष्मा लावून पेपरातलं शब्दकोडं सोडवतायत.

हलगर्जीपणा, असा घरानं निकाल दिला. धाकटीनं तो मान खाली घालून ऐकला, कारण फोड तर खरेच होते. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत राहिलं. कढत पाण्यात पाय घातला तर माणूस किंचाळतो. आई कोडं सोडवत होत्या.

आईंचे पाय दोन वर्षांपासून रुसले होते. चाळीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या बाईचे गुडघे जाणारच, असं सगळे म्हणाले, डॉक्टरही म्हणाले. गेल्या साली थोरल्यानं पुढाकार घेऊन उजवा गुडघा बदलून आणला. त्यानंतर आई काठीवरून वॉकरवर आल्या आणि वॉकरवरून चाकाच्या खुर्चीवर.

धाकटीनं कुणाला विचारलं नाही. ड्रेसिंगला नेते असं सांगून ती आईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. तिथलं हॉस्पिटल मेंदू आणि मणका याखेरीज कशालाच हात लावत नव्हतं. सर्दी घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतील. तिथं आईंच्या सगळ्या पाठीचा एमआरआय झाला. आठवड्यानं फोन आला, घरातल्या सगळ्यांना घेऊन या.

म्हणून आज त्या छोट्या तपासणीच्या खोलीत पाच माणसं आणि एक चाकाची खुर्ची दाटीवाटीनं मावली होती. थोरला दाराला टेकून. त्याची बायको, थोरली, आईंची पिशवी मांडीवर घेऊन. सकाळच्या बसनं आलेली ताई, दोन्ही भावांमधली बहीण. धाकटी कोपऱ्यात.

सर्जनबाई आल्या त्या स्टूल ओढून थेट आईंच्या समोर बसल्या. बुटक्या, केस घट्ट बांधलेले, बोटं मात्र लांबसडक.

"आजी, डोळे मिटा. मी टोचते. टोकदार लागलं तर टोकदार म्हणा, बोथट लागलं तर बोथट."

"आणि नाहीच लागलं तर?"

"तर गप्प बसा."

"ते मला जमत नाही," आई म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

बाईंनी अंगठ्यापासून सुरुवात केली. आई गप्प. घोटा, गप्प. पिंढरी, बोथट. मांडी, बोथट. बेंबीच्या बाजूला, बोथट. धाकटी श्वास रोखून बघत होती. सुई बरगडीवर दोन बोटं वर सरकली, आणि आई ओरडल्या, "आई गं! मारतेस का काय!"

ताईला हसू आलं. थोरलीही हसली. सर्जनबाईंनी खिशातून पेन काढलं आणि त्या जागी आईंच्या अंगावर एक आडवी रेघ मारली.

"या रेघेच्या वर सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खाली, पायांपासून डोक्यापर्यंत निरोप नीट पोचत नाहीत. डोक्यापासून पायांपर्यंतही नाहीत. गुडघ्यांचा यात काही दोष नाही. कधीच नव्हता."

खोलीतलं हसू विरलं. धाकटीनं थोरल्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही तिला.

*

कधीच नव्हता.

थोरल्याला पुढचं बरंचसं ऐकूच आलं नाही. बाई सगळ्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या, पडद्यावर आईच्या पाठीचं चित्र लावलं, बोट ठेवून दाखवलं. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड असतो, इथं बघा, सातव्या मणक्यापाशी कसा रिबिनीसारखा चपटा झालाय. त्याला रेटून बसलेला हा पांढरा गोळा, सोललेल्या बदामाएवढा. ही गाठ. बहुतेक साधी, कर्करोगाची नाही. रज्जूच्या वेष्टणातून उगवते, फार सावकाश वाढते, सात-आठ वर्षंही झाली असतील.

"मंगळवारी आम्ही आजींची चित्रं घेऊन बसलो होतो," बाई सांगत होत्या. "मी, चित्रं वाचणारे डॉक्टर, भूल देणारे, कर्करोगवाले, व्यायामवाल्या बाई, सगळे. मतभेद झाले नाहीत. असं आमच्यात क्वचित होतं. काढावी."

"आणि पाय?" ताईनं विचारलं.

"धोका आहे. रज्जूला धक्का लागला तर आत्ता आहेत तेवढेही पाय राहणार नाहीत. नाही काढली तर पाय जाणारच आहेत, फक्त तारीख मला सांगता येत नाही." त्या उठल्या. "तुम्ही बोला. मी अर्ध्या तासानं येते."

दार लागलं. थोरल्याच्या डोळ्यांसमोर गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा तो दिवस उभा होता. व्यायामाच्या दोन दांड्यांमध्ये आई उभी, पाय उचलत नाही, घाम गळतोय. आणि तो, तिचा थोरला मुलगा, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आई, नाटकं बंद कर. तुला चालायचंच नाहीये." तिनं पुन्हा प्रयत्न केला होता.

"नाही करायचं," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "बहात्तर वर्षांची आहे ती. एकदा कापलंय आपण तिला, काय मिळालं? आता मणका उघडायचा?"

"दादा बरोबर बोलतोय," ताई म्हणाली. "खुर्चीत का होईना, आई समोर आहे. बोलतेय, हसतेय. उद्या काही झालं तर आपण कुणाला विचारायचं?"

"पण ताई, डॉक्टर म्हणाल्या ना, पाय जाणारच—" धाकटीनं सुरुवात केली.

"तू बोलू नकोस." तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघून बोलला होता. "तुझ्या हातून काय झालं ते विसरलेलो नाही मी. ड्रेसिंगला नेते म्हणून खोटं सांगितलंस. घरात मोठं माणूस आहे की नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नेऊ दिलं असतं, दादा?"

"नसतंच दिलं!"

"म्हणूनच," धाकटी म्हणाली. तिनं नजर हटवली नाही.

*

थोरली पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

नऊ वर्षं तिचं आणि धाकटीचं जमलं नव्हतं. तसं भांडण म्हणावं असं काही नव्हतं. कोण आधी उठतं, कुणाच्या हातचा चहा सासूबाईंना आवडतो, कुणी स्टार्च जास्त घातला, असल्या बारीकसारीक गोष्टी साठत साठत भिंत झाली होती. पाय भाजले त्या दिवशी हलगर्जीपणा हा शब्द पहिल्यांदा थोरलीच बोलली होती. नवऱ्यानं तो फक्त उचलून धरला.

आज नवरा म्हणत होता, नको. त्याच्या बाजूनं बोलणं सगळ्यात सोपं होतं. तिनं तोंड उघडलं तेही त्याच बेतानं. आणि भलतंच बाहेर आलं.

"अहो, तुम्हाला ठाऊक नाही. दोन महिने झाले, मी रोज पहाटे आईंची चादर बदलतेय."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. खुर्चीतून आईंनीही मान वळवली.

"त्यांना कळतच नाही," थोरली म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. "बाथरूमला जायचंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांनी मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, वय झालं, होतं असं. खाली लाँड्रीत सगळ्यांच्या आधी धुऊन टाकत होते, कुणाला दिसू नये म्हणून." तिनं धाकटीकडे बघितलं. "तिचं बरोबर आहे. गुडघ्यानं असं होत नसतं. हिला एकदा दिसलं तर हिनं धावपळ केली. मी रोज बघत होते, आणि गप्प बसले."

ताईनं डोळे पुसले. थोरल्यानं भिंतीला पाठ लावली आणि तो हळूच खाली सरकत बाकावर बसला.

"झालं सांगून?" आई म्हणाल्या.

"आई, माफ करा, मी—"

"रडू नकोस. चादरी स्वच्छ धुतल्यास, एक डाग राहिला नाही. तुझ्याकडून तेवढीच अपेक्षा होती." आईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "आता मला कुणी विचारणार आहे, की मी कपड्यांचं गाठोडं आहे? गाठोड्याला कुणी विचारत नाही, तुला कुठं ठेवू म्हणून. हा म्हणतो ठेवा, ती म्हणते उचला. मी इथं बसलेय."

"आई, आम्ही तुझ्याच भल्यासाठी—" ताई म्हणाली.

"भलं राहू दे. समोर आहे म्हणतेस ना, बोलतेय, हसतेय? अगं, हसते कारण तुम्ही घाबरू नये म्हणून. मला माझे पाय दिसतात, पण ते माझे वाटत नाहीत. दोन गाद्या बांधल्यासारखे खाली लोंबतात. रात्री हात लावून बघावं लागतं, आहेत का नाहीत." त्या थोरल्याकडे वळल्या. "आणि तू. इकडे बघ. गुडघा चांगला करून आणलास. पक्का आहे. वरची वायरच तुटत आली होती, त्याला तू काय करशील? ते कुणालाच दिसलं नाही."

"मी तुला नाटकं म्हणालो, आई."

"म्हणालास. मलासुद्धा तसंच वाटायला लागलं होतं. म्हटलं, मीच आळशी झाले की काय." त्या थांबल्या. "आज त्या बाईनं रेघ मारली तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

दारावर टकटक झाली. सर्जनबाईंनी डोकावून बघितलं.

"ये," आई त्यांना म्हणाल्या. "कधी काढतेस?"

*

ताई रेल्वेच्या चौकशी खिडकीवर काम करायची. एकोणीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, गाडी किती वाजता येईल, का थांबलीय, कुठल्या फलाटावर लागेल. लोक का चिडतात हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. सोमवारी सकाळी आईला आत नेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत बसून तिला ते कळलं.

तरी इथं पद्धत चांगली होती. निळ्या कोटातली एक नर्स दर तासाला आतून यायची, नातेवाइकांच्या शेजारी बसायची आणि काय चाललंय ते साध्या भाषेत सांगून जायची.

साडेनऊला ती म्हणाली, "आजींना भूल दिलीय. पायांना आणि डोक्याला बारीक तारा लावल्यात. डोक्यातून निघालेला निरोप पायापर्यंत पोचतोय का, हे एक माणूस पूर्णवेळ बसून ऐकत असतो. त्याचं तेवढंच काम."

साडेदहाला, "मणक्याची मागची बाजू उघडलीय. आता सगळं दुर्बिणीखाली."

साडेअकराला, "गाठ दिसतेय. अगदी गुळगुळीत. तुकड्या-तुकड्यानं काढतायत, आधी आतून पोखरून, मग कडेनं."

थोरल्यानं यातलं प्रत्येक वाक्य पुन्हा बायकोला सांगितलं, जणू ती तिथं नव्हतीच. थोरली प्रत्येक वेळी "हो का" म्हणाली. धाकटी खिडकीपाशी उभी होती. बोटीवरून नवऱ्याचे निरोप येत होते आणि ती दोन बोटांनी उत्तरं देत होती.

त्यानंतर नर्स आली ती बारालाच, तासाच्या आत. ताईनं तिचा चेहरा बघितला. असा चेहरा करून तिनं स्वतः कितीदा काचेपलीकडच्या माणसाला तोंड दिलं होतं.

"डाव्या पायाचा सिग्नल कमी झालाय," नर्स म्हणाली. "अर्ध्यावर आलाय. डॉक्टरांनी हात थांबवलाय. कोमट पाणी सोडलंय, रक्तदाब वाढवलाय, सगळे वाट बघतायत. रज्जू कधी कधी रुसतो. पुष्कळदा सिग्नल परत येतो."

"आणि नाही आला तर?" ताईनं विचारलं.

"तर जेवढी निघाली तेवढ्यावर थांबायचं. मी कळलं की लगेच येते."

ती गेली. कुणी कुणाकडे बघेना. ताईच्या मनात आलं, मी नको म्हणाले होते. मग आलं, मी नंतर हो म्हणाले. दोन्हींपैकी कशाचा पश्चात्ताप करावा हे तिला कळेना.

थोरला उठला. ताईला वाटलं, आता हा धाकटीवर तुटून पडणार, आणि मध्ये पडावं म्हणून तीही अर्धी उठली. थोरला खिडकीपाशी गेला. धाकटी ताठ झाली.

"ती ओरडली नाही," तो म्हणाला.

"कोण, दादा?"

"आई. पाय भाजले तेव्हा."

"नाही. कोडं सोडवत होत्या. मलाच विचारलं, पाच अक्षरी, दुसरं अक्षर 'र', म्हणून."

थोरला बाहेर बघत राहिला. खाली अँब्युलन्स मागे मागे येत होती, एक वॉचमन हात दाखवत होता.

"मी तिथं असतो ना, तर टब लाथेनं उडवला असता," तो म्हणाला. "तुझ्यावर ओरडलो असतो, मलम लावलं असतं आणि संध्याकाळी विसरून गेलो असतो. ती ओरडली का नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आज तो पाय गेला तरी... तरी तू आणलंस ते बरोबर आणलंस. एवढंच सांगायचं होतं."

धाकटीनं मान हलवली. थोरली उठून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिनं धाकटीचा हात धरला नाही, तशी त्या दोघींना सवय नव्हती; पण अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभी राहिली.

पंचवीस मिनिटं गेली. ताई खुर्चीत एकटीच बसली होती. मग तीही उठली आणि त्या तिघांच्या मागे जाऊन उभी राहिली. नर्स दार उघडून आली तेव्हा चौघं एकदमच वळले.

ती चालत येत नव्हती, जवळजवळ पळत येत होती.

"आला परत! पूर्ण आला. आणि गाठ बाजूला झाल्यावर उजव्या पायाचा सिग्नल सकाळपेक्षा मोठा झालाय. आतमध्ये ऐकणारा तो माणूस आहे ना, तो कधी काही बोलत नाही, तो म्हणाला, 'अरे वा.'"

थोरल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बेचाळीस वर्षांचा तो दांडगा माणूस, वाफेच्या इस्त्रीवर वाकून वाकून ज्याची मान बैलासारखी झाली होती, तिथं उभ्या उभ्या लहान मुलासारखा रडला. ताईनं त्याला रडू दिलं. नंतर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "पुरे. आता शिंकरत बसलास तर तुलाच भरती करतील."

दोन वाजता सर्जनबाई बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

"सगळी निघाली," त्या म्हणाल्या. "काही मागे राहिलं नाही. रज्जू आमच्या डोळ्यांसमोर फुगून जागेवर आला. हे बघायला मिळतं म्हणून मी हे काम करते." मग जरा ओशाळल्यासारखं हसून म्हणाल्या, "चहा मिळेल का कुठं?"

थोरली आणि धाकटी दोघीही एकदमच कॅन्टीनकडे धावल्या.

*

आईला आधी आवाज ऐकू आले. कुठंतरी टिक टिक वाजत होतं, कुणीतरी नाक ओढत होतं. हे नाक ओढणं तिच्या ओळखीचं होतं. थोरला सहा वर्षांचा असल्यापासून असंच ओढायचा.

"आजी, डोळे उघडा. माझी बोटं दाबा. छान. आता डावा अंगठा हलवा."

ती हलवायला गेली. दोन वर्षं असंच चाललं होतं, ती हुकूम सोडायची आणि खाली कुणी दाद द्यायचं नाही. तिनं तोच जुना हुकूम सोडला, फारशी आशा न ठेवता.

"हलला!" कुणीतरी म्हणालं. "दादा, हलला! बघा ना!"

"पुन्हा," सर्जनबाई म्हणाल्या.

पुन्हा. आणि मग उजवा. आणि मग घोटा, जरासा, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"पायावर कोण हात ठेवून उभं आहे?" आईचा आवाज घशातून खरखरत आला.

"मी, आई," थोरला म्हणाला.

"काढ. बर्फ झालाय नुसता तुझा हात."

मग थोरलीनंच आधी ओळखलं आणि ती मोठ्यांदा हसली, त्या खोलीत हसायची मनाई असूनही. थोरल्यानं हात काढला नाही. उलट दुसराही हात दुसऱ्या पायावर ठेवला.

"आता?" तो म्हणाला.

"आता दोन बर्फ," आई म्हणाली.

*

सहाव्या दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. साधी होती. औषध नको, किरणं नकोत, वर्षाला एकदा चित्र काढून बघायचं, बस. व्यायामवाल्या बाई सकाळ-संध्याकाळ येऊन आईला पलंगाच्या कडेला उभं करत. एक जण पुढून, एक मागून, मध्ये वॉकर. चार पावलं, पाच पावलं. पाय डगडगत, पण ते आता तिचे होते. खाली फरशी गार लागायची, आणि त्या गारव्याचं तिला कोण कौतुक. रोज पहाटे तिची चादर कोरडी असायची. थोरली येऊन हात फिरवून बघायची आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या.

घरी जायच्या दिवशी दुपारी वॉर्डात समोरच्या रांगेतल्या खाटेवर एक शाळामास्तरीण आली. पस्तिशीची, डोक्यात डाव्या बाजूला गाठ. तिचं ऑपरेशन जागं ठेवून करणार होते, बोलण्याची जागा वाचवायला. तिच्याभोवती तिचा नवरा, दोन भाऊ आणि सासरे उभे होते. नवरा म्हणत होता, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. तिचा मोठा भाऊ म्हणत होता, आजच करा. सासरे म्हणत होते, डोकं उघडून जागं ठेवणं हे माणसाचं काम आहे का. धाकटा भाऊ प्रत्येकाला हो म्हणत होता. मास्तरीणबाई छताकडे बघत पडल्या होत्या. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचा आवाज त्यांच्यावरून निघून गेला.

आई पाऊण तास ऐकत होती. थोरला घरी न्यायला गाडी आणायला गेला होता, थोरली बिल भरायला, ताई बाहेर फोनवर, धाकटी औषधं आणायला खाली. आईनं एकदा खाकरून बघितलं. कुणी लक्ष दिलं नाही. मग तिनं पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली आणि निघाली. वॉकर भिंतीशी होता. तो आणायला कुणी नव्हतं आणि तेवढा धीर तिला नव्हता.

"अहो," ती म्हणाली. चौघेही वळले. पांढऱ्या गाऊनमधली एक म्हातारी, पाठीला हातभर पट्टी, त्यांच्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. "बाजूला व्हा जरा. या मास्तरीण आहेत ना? शाळेत चाळीस पोरं गप्प बसवत असतील, तुम्हा चौघांपुढे त्यांचा इलाज चालेना." ती खाटेवर वाकली. "बोल गं पोरी. तुला काय हवंय?"

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे.

"करायचंय," त्या म्हणाल्या. "इथंच. आणि मला जागंच राहायचंय. मला ऐकायचंय ते काय करतात."

"झालं?" आई चौघांना म्हणाली. "एवढ्याला पाऊण तास."

सासऱ्यांनी घसा साफ केला. नवरा खाटेच्या कडेला बसला आणि त्यानं बायकोचा हात हातात घेतला. वॉर्डाच्या दारात काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. औषधांची पिशवी फरशीवर होती आणि धाकटी तिच्यामागे उभी, दोन्ही हात तोंडावर.

तेव्हा कुठं आईनं मागे वळून बघितलं. तिची खाट तिथं लांब होती. मध्ये नुसती मोकळी फरशी, धरायला काहीच नाही.

"आई, हलू नका!" धाकटी धावत सुटली. "थांबा, मी येते, मी धरते!"

"तू तिथंच थांब," आई म्हणाली. "गोळ्या उचल आधी, कुणाच्या पायाखाली येतील."

आणि ती आपल्या पायांनी परत यायला निघाली.